परतीचा कौल

चारुशीलाबाईंना राग आला की हातातला खडू मोडायचा. माधवनगरच्या त्यांच्या सोप्यात बसून फ्रेंच शिकणाऱ्या पोरांना हे ठाऊक होतं. खडूचे दोन तुकडे झाले की गप्प बसायचं, तीन झाले की वह्या मिटायच्या.

त्या रविवारी तुकडे मोजायला कुणी नव्हतं. शिकवणीला एकटी शिवांजली होती. म्हसवडच्या पुढच्या गावची, सांगलीत एका दवाखान्यात नर्स. कॅनडात फ्रेंच बोलणाऱ्या भागात तिला नोकरी मिळत होती, पण आधी तोंडी परीक्षा द्यायची होती. परीक्षा दुसऱ्या दिवशी, पुण्यात.

बाईंनी देव्हाऱ्यातलं निरांजन नीट केलं, गणपतीला नमस्कार केला आणि फळ्यावर लिहायला लागल्या. आत्ता होऊ घातलेल्या गोष्टीचा काळ. यात 'जाणे' हे क्रियापद पुढे उभं करायचं आणि जे काम करायचंय ते त्याच्या मागे लावायचं.

"म्हण. निघणे."

"ज वे पार्तीर," शिवांजली म्हणाली. मी निघणार आहे. "त्यू वा पार्तीर. एल वा पार्तीर..." तिथं ती अडली. डोळे भरून आले.

"काय झालं गं?"

"बाई, मी उद्या जात न्हाई. आबांनी गावच्या जानाईला कौल लावला. डावं फूल पडलं, म्हंजे देवीचा नकार."

पहिला खडू तेव्हा मोडला.

बाई देवाला मानणाऱ्या. संकष्टी चुकवत नाहीत, कौलाची चेष्टा त्यांनी कधी केली नाही. पण हे ऐकून त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. बाविसाव्या वर्षी त्यांना पाँडिचेरीला पुढचं फ्रेंच शिकायला बोलावलं होतं. वडील गिरणीत कारकून. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी गिरणीला टाळं लागलं, त्याच्या पुढच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. मग कुणी काही बघितलंच नाही. तेव्हापासून बाई दुसऱ्यांच्या पोरांना 'निघणे' शिकवतायत.

तेवढ्यात दारात शिवांजलीचे वडील, तिचे आबा, उभे. नाथाजीराव, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. पोरीला घरी न्यायला आले होते.

"आवं बाई, तुमचा राग कळतोय मला. पर देवाच्या पुढं आपलं काय चालतंय?"

"बसा. तुम्ही भरतीला गेलात तेव्हा कौल लावला होता?"

नाथाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आई लावणार हुती. मी आदल्या दिशीच पळालो."

"वा! स्वतः पळायचं आणि पोरीच्या पायात फूल अडकवायचं!" दुसरा खडू मोडला. "देवीला विचारलंत काय? नेमके शब्द सांगा."

"इचारलं की, पोरगी तिकडं गेली तर माघारी येईल का."



"म्हणजे जाऊ दे का, हे विचारलंच नाहीत?"

"त्येचा अर्थ त्योच की."

"तो कसा? ती भीती तुमची. पोटात भीती धरून देवळात गेलात आणि त्या भीतीचाच प्रश्न केलात. देवी बिचारी काय करणार, जे विचारलं त्याचं फूल पाडलं! पाणी मागितलं तर कुणी जेवायला वाढत नाही, नाथाजीराव. चला, मी येते देवळात. आता, याच पावली."

"आवं, आता?"

"उद्या परीक्षा आहे. मग काय, दिवाळीला जाऊ?"

बाईंनी पायात चपला सरकवल्या. हातातला खडू तसाच राहिला. यष्टीत तिघं बसली.  शिवांजली खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत होती, आणि बाईंनी ते चोरून ऐकलं. एल वा पार्तीर. नूझालों पार्तीर. ती निघणार आहे. आम्ही निघणार आहोत.

जानाईच्या देवळात गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली, पाण्याचा हात फिरवला. "इचारा. सरळ इचारा बरं का, मागच्या बारीला आबांनी येडंवाकडं इचारलं हुतं."

"मागच्या बारीलाच का बोलला न्हाईस रं?" नाथाजीराव उसळले.

"कोण इचारतंय मला? सुभेदार साहेब रुबाबात आलं आणि रुबाबात गेलं."

बाई पुढं सरकल्या. पण त्यांच्या आधी शिवांजली उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आणि विचारलं काहीच नाही.

"आई, मी निघणार हाय. उद्या परीक्षा देणार हाय. पास झाले तर लांब जाणार हाय. तुझ्या कानावर घातलं." ती वाकली, अंगारा लावला आणि मागं वळली. फुलं कुठल्या बाजूला पडतात हे बघायलाही ती थांबली नाही.

गुरव फुलांकडं बघत राहिला. "आता ह्ये काय करू?"

"राहू दे देवीच्या अंगावर," बाई म्हणाल्या. "तिला शोभतायत."

बाहेर पायरीवर नाथाजीराव लेकीला म्हणाले, "जाशील. पर माघारी येशील का न्हाई, त्ये कुणाला इचारू?"

 उत्तर बाईंनी दिलं, आणि ते देताना त्यांचा आवाज देवळाच्या आवारात घुमला. "तिला विचारा! आज पहिल्यांदा तिला विचारा. आणि नाही म्हणाली तर का नाही, तेही ऐकून घ्या. देवीच्या गळ्यात घालू नका."

नाथाजीरावांनी मान खाली घातली. मग पोरीच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर अडकवली आणि पुण्याची गाडी गाठायला स्टँडच्या वाटेला लागले. राग होताच. पावलं आपटत चालले होते.

बाई मागून निघाल्या. त्यांचाही राग उतरला नव्हता. पाँडिचेरीची गाडी कधीच गेली, ती काही कुणाच्या कौलानं परत येणार नव्हती. मुठीत अजून खडूचा तुकडा होता. तो त्यांनी मोडला नाही.

"शिवांजली," त्या ओरडल्या, "'ते निघणार आहेत' राहिलंय. म्हण."

"इल वों पार्तीर!" पुढून आवाज आला.