लाइनवर आणा

जुईनगरच्या साइटवर मी प्लॅनिंगला होतो, तेव्हा आमच्या साहेबांचं एक आवडतं वाक्य होतं, "काम लाइनवर आणा." नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, मजूर वाढवा, सळई लवकर मागवा, असं काहीतरी त्यांना म्हणायचंय. कसलं काय!

आमच्याकडे कॉम्प्युटरवर चार्ट निघायचा. प्रत्येक कामाला दोन पट्ट्या. वरची बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला ठरवलेल्या तारखा. खालची प्रत्यक्ष कामाची. खालची मागे पडली की उशीर उघडा पडायचा. म्हणून दर महिनाअखेरीला साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि मी जुनी बेसलाइन पुसून काम जिथं रखडलंय तिथूनच नवी आखायचो. घरांच्या ताब्याची तारीख मात्र हलवायची नाही. उरलेली कामं तिच्या आत कोंबायची. मग प्रिंटर करकरत लांबलचक कागद ओकायचा आणि तो भिंतीवर लागायचा. नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणणारे परवडले, निदान ते अंगण खणत नाहीत. मला त्या कागदाची किळस यायची. पगार मात्र गोड लागायचा.

उरणकडचे एक काका दर महिन्याला यायचे. त्यांनी चौथ्या मजल्यावर घर घेतलं होतं. गावचं घर भावाकडे, आणि नोकरीतलं क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागणार होतं. एकदा ते चार्टसमोर बराच वेळ उभे राहिले, मग माझ्याकडे वळले.

"साहेब, टायमावर हाय ना? नाय तर क्वार्टरच्या मुदतवाढीचा अर्ज देतो. आजच शेवटचा दिवस हाय."

तेव्हा दुसऱ्या मजल्याचा स्लॅबही पडला नव्हता. आमचे साहेब शेजारीच बसले होते. मी पट्टीवर बोट ठेवून म्हणालो, "काका, काम लाइनवर आहे. अर्जाची गरज नाही."

ठरलेल्या तारखेला ते आले ते टेम्पो घेऊनच. कपाट, गाद्या, भांड्यांची पोती. काकू ड्रायव्हरशेजारी देवघर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिसऱ्या मजल्याच्या सळया वर आलेल्या, त्यावर काही नाही.

"आपलं घर कंचं?" काकूंनी विचारलं.

काकांनी वर पाहिलं, पण बोट कुठं दाखवायचं ते त्यांना कळेना. ते ऑफिसात आले. ते भांडतील म्हणून मी मनाची तयारी करत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, मी अर्जाचं इचारलं, तवा तुमाला म्हाईत होतं?"

"चार्टमध्ये तर वेळेवरच होतं, काका," मी म्हणालो.

ते बाहेर गेले. टेम्पोवाल्याला म्हणाले, "चल, भावाच्या दारात उतरव."