मामांची तांबोशी

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या बायकोच्या मामांना शेवटपर्यंत कोणी पटवून देऊ शकलं नाही. शाळेतला नकाशा समोर धरला तर ते त्याच्याकडे स्थळ पाहायला आल्यासारखे बघत आणि म्हणत, "कागद हाये जवाईबापू तो. कागदावर कोनी काहीबी निळं करते." पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला त्यांचा धानाचा व्यापार होता. घरापुढे काटा, काट्याभोवती पोत्यांच्या थप्प्या आणि थप्प्यांवर बसलेले शेतकरी, असा त्यांचा संसार. पण भाव बोलता बोलता मामांची नजर गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून आभाळात जायची आणि ते मध्येच विचारायचे, "वारा फिरला का गा?" धान विकायला आलेल्या माणसाला वाऱ्याचं काय! तो बिचारा भाव पडला असं समजून उठायला लागायचा.

मासे धरण्याचं वेड त्यांना लहानपणापासून होतं. त्यांची गरी, म्हणजे बांबूची काठी, दोरा आणि गळ, देवघराच्या कोनाड्याला टेकवून ठेवलेली असे आणि मामी रोज देवांबरोबर तिचीही धूळ पुसत असत, अर्थात पुटपुटत. दर रविवारी मामा वैनगंगेवर जाऊन आख्खा डोंगा दिवसभरासाठी भाड्यानं घेत. त्या दिवशी त्यात दुसरा उतारू चालत नसे, मग तो सरपंच का असेना. डोंग्यात पाय ठेवण्याआधी ते ओंजळभर पाणी पीत. नदीचं पाणी पोटात गेल्याशिवाय ती आपल्याला घरचं माणूस मानत नाही आणि घरच्या माणसाशिवाय कोणाला मासोरी देत नाही, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्यांदा मला नेलं तेव्हा मलाही प्यायला लावलं. मी वरठीच्या कारखान्यात कामाला, नळाचं पाणी पिणारा माणूस. पुढे आठवडाभर माझं पोट घरच्यासारखं वागलं नाही. भीती मात्र मामांना ठाऊक नव्हती. एकदा भर पुरात त्यांची गरी वाहून पलीकडच्या झुडपात अडकली, तर नावाडी नको नको म्हणत असताना त्यांनी त्याच्या हातातली काठी घेतली आणि एकट्यानं डोंगा पलीकडे नेऊन गरी घेऊन आले. घाटावर उभ्या असलेल्या मामी इतक्या रागावल्या होत्या, की त्यांनी घरी येऊन मामांना आधी गरम गरम जेवू घातलं आणि मग दोन दिवस अबोला धरला.

या वेडाला समुद्र लावला तो ओव्हरसियरसाहेबांनी. पाटबंधारे खात्यातले हे गृहस्थ रत्नागिरीकडच्या एका बंदरगावचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोणत्या तरी वरिष्ठाची मर्जी फिरली आणि त्यांची बदली थेट आमच्या झाडीपट्टीत झाली. मामांच्या घराची पुढची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. एकटा माणूस, बायकामुलं कोकणात. संध्याकाळ झाली की ते ओसरीवर येऊन बसत आणि समुद्र सांगायला लागत. पहाटे होडी ठरवून तांबोशी नावाची मासळी धरायला कसं जायचं, खडकाच्या सावलीत ती कशी दबा धरून असते, वारा दक्षिणेकडून फिरला की कशी गळाला झोंबते, आणि वर आली की उन्हात अशी लाल दिसते की डोळे मिटावे लागतात. क्षणात ऊन, क्षणात ढग, नांगर टाकावा तर लाट, उचलावा तर मासा! मामा काट्यावरचं वजन तसंच सोडून ऐकत बसत. घरापासून शेकडो कोस दूर पडलेला तो माणूस बोलताना इतका उजळून जायचा, की मामी कधी मध्ये बोलल्या नाहीत. त्या फक्त चहा ठेवायच्या.

ऐकण्यापर्यंत होतं तोवर ठीक होतं. पण लवकरच मामांनी गावच्या तलावाला भरती-ओहोटी सुरू केली. काठाजवळ एक खुणा केलेली काठी रोवली आणि अमावास्या-पौर्णिमेला तिथे जाऊन बसायला लागले. एका पौर्णिमेला मी कोंढ्याला गेलो होतो. मामा धावत आले. "जवाईबापू, चाला लवकर! भरती येऊन राहिली!" जाऊन पाहतो तर काठीवर पाणी खरंच चार बोटं चढलं होतं, आणि पलीकडच्या काठानं गावच्या सगळ्या म्हशी नुकत्याच पाण्यात उतरल्या होत्या. मी म्हशींकडे बोट दाखवलं. मामा शांतपणे म्हणाले, "त्याईले समजते ना भरती. म्हनून तं आल्या." बरोबर आलेल्या ओव्हरसियरसाहेबांनीही मान डोलावली. मला वाटतं, त्या तलावाला खरी भरती यावी असं त्या दोघांनाही सारखंच वाटत असावं.

पुढे साहेब निवृत्त झाले. निघताना म्हणाले, "भाऊ, आता तुम्ही या. होडी मी ठरवतो. तुमच्या हातानं तांबोशी काढायची." बैलबंडी वळणाआड गेली तरी मामा हात वर करून उभे होते. त्यानंतर त्यांना समुद्राची जी ओढ लागली ती पाहवत नसे. रविवारी डोंग्यात ते आता पश्चिमेकडे तोंड करून बसायचे. वैनगंगा वाहते दक्षिणेला, मासे कुठल्याही दिशेला असोत, मामांची पाठ कायम पूर्वेला. रिकाम्या ओसरीवर दोन खुर्च्या तशाच मांडलेल्या असत आणि कोणी दुसरीवर बसलं की ते उगाच अस्वस्थ होत. धान निघालं की जाऊ, पोरीचं लगीन झालं की जाऊ, असं करता करता वर्षं गेली. शेवटी एका हिवाळ्यात मामीच मला म्हणाल्या, "जवाईबापू, याईले एकदा समुद्र दाखवून आना. नाई तं हा मानूस झोपेत डोंगा वल्हवून वल्हवून माही खाट मोडन."

वरठीहून आम्ही गाडीत बसलो. सामानात साहेबांसाठी चिन्नोर तांदळाचं पोतं, खिडकीबाहेर डोकावणारी गरी आणि एक पत्र्याचा डबा होता. डब्यात कोंढ्याची माती आणि त्यात गांडुळं. "तिकडच्या मासोरीनं इकडचं कधी खाल्लं नसन ना," मामांनी मला समजावलं. दर मोठ्या स्टेशनावर उतरून ते डब्यावर पाणी शिंपडत. तिकीट तपासनिसानं डब्यात काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा मामांनी आदरानं झाकण उघडून दाखवलं. मुंबईपर्यंत आमच्या बाकावर तिसरं कोणी बसलं नाही. पुढचा एसटीचा प्रवास मामांनी डबा मांडीवर घेऊन केला.

साहेबांनी मामांना कडकडून मिठी मारली. थकले होते, पण आवाज तोच. अंगणातून समुद्र दिसत होता. मामा त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सायेब, तुमी कमीच सांगतलं होतं." पण होडीचा विषय निघाला की साहेब आभाळाकडे बघत. पहिल्या दिवशी म्हणाले, वारा पडलाय. दुसऱ्या दिवशी वारा होता, तर म्हणाले, फार आहे. तिसऱ्या दिवशी ढग. मामा मान डोलवत आणि डब्यावर पाणी शिंपडत. चौथ्या दिवशी सकाळी होडीवालाच दारात आला. म्हणाला, "पाव्हणे थांबलेत म्हणे. आज दर्या बरा आहे, चला." साहेब मफलर आणायला आत गेले, तेवढ्यात त्यानं आम्हाला हसत विचारलं, "तुमचे साहेबसुद्धा येतायत? नवलच! जन्म बंदरातला, पण होडीला पाय लावला नाही यांनी. लहानपणापासून पाण्याची धास्ती."

मी मामांकडे पाहिलं. ते गरीचा दोरा सोडवत होते. हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. साहेब बाहेर आले, तेव्हा मामा त्यांना म्हणाले, "चाला सायेब. तुमी असल्यावर आमाले काय फिकीर."

किनाऱ्यावर मामांनी सवयीप्रमाणे वाकून ओंजळ भरली आणि मी ओरडेपर्यंत पिऊन टाकली. त्यांचा चेहरा असा झाला की होडीवाला पोट धरून हसला. मी म्हणालो, "थुंका, मामा!" त्यांनी मान हलवली, डोळ्यांत पाणी आणून गिळलं आणि म्हणाले, "घरच्याईच्या आंगनात थुकत नाई."

खाडीच्या तोंडाबाहेर पडताच होडी डोलू लागली. एक अवकाळी सर येऊन गेली आणि लगेच लख्ख ऊन पडलं, अगदी साहेब सांगत तसं. साहेब दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. चेहरा पांढराफटक, डोळे मिटलेले, पण तोंडानं सांगणं चालूच होतं, "त्या... त्या खडकापाशी, भाऊ... तिथेच असते." होडीवाला म्हणाला, "थोडंच राहिलंय. आज तांबोशी लागणार, मी सांगतो." खडक दिसत होता. मामांनी गळाला गांडूळ लावलेलं होतं. त्यांनी खडकाकडे पाहिलं. किती वर्षं त्या खडकाकडे ते वैनगंगेतून बघत आले होते! मग त्यांनी साहेबांच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. आणि गरी खाली ठेवली.

"नावाडीभाऊ, फिरवा होडी. मले लय भेव लागून राहिलं."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. होडीवाला पुन्हा हसला, गोड्या पाण्याची माणसं म्हणाला आणि त्यानं सुकाणू वळवलं. साहेबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना धीर दिला, "होतं हो भाऊ, पहिल्यांदा होतं असं. त्यात लाजायचं काही नाही."

"तुमच्यावानी छाती आमची कोठची, सायेब," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी गांडुळांचा डबा साहेबांच्या माडाखाली रिकामा केला. एसटी सुरू झाली तरी साहेब खिडकीतून धरलेला मामांचा हात सोडत नव्हते. त्यांना सगळं कळलं होतं की काय, हे मला आजही सांगता येणार नाही. गाडीत मी चिडूनच विचारलं, "मामा, एवढी वर्षं थांबलात, आणि खडकापासून परत?" मामांनी रिकामा डबा पायाशी ठेवला. मग म्हणाले, "जवाईबापू, घरादारापासून दूर, एकटा पडला होता तो मानूस. माह्या ओसरीवर बसून त्यानं मले समुद्र देल्ला. मी त्याच्या गावात जाऊन त्याले खोटा पाडू?" आणि पंच्यानं डोळे पुसले. कोंढ्याला पोचल्यावर त्यांनी गावाला सांगितलं, की साहेबांनी एका हातानं तांबोशी काढली, आपण मात्र भिऊन खाली बसलो. गाव महिनाभर हसलं. मामी हसल्या नाहीत. मामांना पुरात डोंगा नेताना त्यांनी पाहिलं होतं ना.

पुढे साहेब गेल्याचं कळलं. मामांनी तलावातली काठी उपटून घरी आणली आणि गरीशेजारी उभी केली. त्यानंतर एकदा कामानिमित्त मामा माझ्याबरोबर नागपूरला आले होते. बाजारात बर्फात घालून आलेले समुद्राचे मासे मांडलेले दिसले आणि त्यात एक लालसर मासा होता. विकणारा म्हणाला, तांबोशी आहे. मला वाटलं, चला, निदान डोळे भरून पाहतील तरी. मामा जवळ गेले, वाकले, बोटानं हलकेच तिच्या खवल्यांना शिवले. मी म्हणालो, "घ्यायची का, मामा?"

"हे तांबोशी नोहे," ते म्हणाले.

विकणारा शपथा घ्यायला लागला. मामांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. जन्मात एकही तांबोशी न पाहिलेला तो माणूस ताठ उभा राहिला आणि मला म्हणाला, "सायेबाची तांबोशी याच्याहून लाल राह्यते, जवाईबापू." आणि गर्दीतून वाट काढत, माझ्यासाठी न थांबता, पुढे चालू लागला.