आभाळातून आलेली बिनकल्हईची परात

लालमहंमद कल्हईवाल्याचा आवाज नळदुर्गात त्याच्या आधी पोचायचा. तो अजून वेशीत असला तरी वरच्या आळीतल्या बाया चुलीवरची पातेली रिकामी करायला लागायच्या. "कल्हईऽऽ" एवढंच तो म्हणायचा, पण असं लांबवायचा की किल्ल्याच्या भिंतीला लागून ते परत यायचं. माणूस अंगानं काटकुळा, कल्हईच्या नवसागरानं बोटं उललेली, खोकला कायमचा. एवढा आवाज कुठून निघतो, याचं नवल त्याची बायको ताहेराबी हिलाही वाटायचं.

या आवाजानंच त्याला दुसरं काम मिळवून दिलं. पौषात खंडोबाची जत्रा भरली की अक्कलकोटकडचा ईरण्णा आपला तंबूतला सिनेमा घेऊन यायचा. सोलापुरात चालून चालून झिजलेली इंग्रजी रिळं त्याला स्वस्तात मिळत. ती इथं कळणार कोणाला? म्हणून लालमहंमद पडद्याच्या कडेला तेलाच्या रिकाम्या पिंपावर उभा राहायचा आणि पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून पडद्यावरची माणसं काय बोलतात ते सांगायचा. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं. त्यांचे ओठ हलले की हा बोलायचा, ओठ थांबले की थांबायचा. मधलं सगळं त्याच्या पदरचं. हे लोकांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यासाठीच ते येत.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्षभर झालं असेल, तेव्हाची ही गोष्ट. ईरण्णानं त्या जत्रेला एक विनोदी सिनेमा आणला. आभाळातून तबकडी उतरते, तिच्यातून चकचकीत डोक्याची माणसं बाहेर पडतात, आणि त्यांना हाकलायला सगळं सरकार आणि फौज धावत सुटते, असा तो खेळ. तबकडी दिसली मात्र, लालमहंमद म्हणाला, "आली बघा बिनकल्हईची परात."

तंबू पहिल्याच वाक्याला हसला.

"चष्मेवाले साहेब इचारतेत, तुमी कोणत्या तालुक्याचे? पाव्हणे म्हणतेत, आमी आभाळाचे. साहेब म्हणतेत, आभाळ तुळजापुरात येतं का उमरग्यात, ते आधी वर इचारून घेतो. तवर परातीतच बसा."

पडद्यावर मिशावाला सेनापती फोनवर ओरडत होता. "जनरलसाहेब म्हणतेत, तोफ कवाच निघाली. पुलावर बैलगाडी आडवी हाय आन् गाडीवान जेवाय गेलाय."

बायकांच्या बाजूनं वरच्या आळीतल्या कस्तुराबाईचा आवाज आला, "लालभाई, आमच्या आळीच्या रस्त्याचं बी इचारा की."

लालमहंमदनं लगेच एका चकचकीत डोक्याला बोलतं केलं. "पाव्हणे म्हणतेत, साहेब, परात उतरवायला वरची आळी बघितली व्हती. पर खड्डे बघून आमचीच छाती झाली न्हाय."

नव्यानं बदलून आलेले एक साहेब त्या दिवशी खेळाला होते. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ईरण्णाला आणि लालमहंमदला बोलावून घेतलं आणि उभंच ठेवलं.

"तंबूची परवानगी माझ्या सहीवर आहे," ते ईरण्णाला म्हणाले. "आज मी पुन्हा येणार. खेळाच्या आधी यानं कर्ण्यावरून सरकारची आणि फौजेची माफी मागायची. नाहीतर उद्या तंबू उपटायचा." मग लालमहंमदकडे वळून म्हणाले, "आणि तुझ्यासारख्यानं तर फौजेबद्दल बोलूच नये. दहा वर्षं व्हायचीत अजून."

साहेब कशाबद्दल बोलतात ते लालमहंमदला कळलं. निजामाचं राज्य घ्यायला फौज सोलापूरच्या रस्त्यानं आली त्या साली त्याचा धाकटा भाऊ मुनवर भांडी घेऊन शेजारच्या गावी गेला, तो परत आला नाही. कोणी नेलं, का नेलं, हे विचारायला लालमहंमद चौकीवर गेला तेव्हा त्याला दिवसभर उन्हात बसवून संध्याकाळी घरी धाडलं होतं. तेव्हापासून त्यानं हाळी देणं सोडलं. मान खाली घालून दारातच भाता चालवायचा. सहा-आठ महिने असे गेले. मग एका सकाळी कस्तुराबाईनं त्याच्यासमोर हंडा आपटला. "ओरडल्याबिगर आमाला कसं कळावं, तुमी हाव का न्हाय? ताक कळकाया लागलं माझं." त्या दिवशी तो पुन्हा गल्लीत ओरडला. पहिल्या खेपेला आवाज फाटला होता.

घरी ताहेराबी म्हणाली, "मांग लेव ना जी माफी. जबान हलाने को क्या लगता?"

"मेरेकने जबानच है, ताहेरा," तो म्हणाला. ताहेराबीनं भाकरी जरा जोरात थापली.

ईरण्णा म्हणाला, "माझ्यासाठी माघार घेऊ नका, आन् माझ्यासाठी पुढं बी जाऊ नका. तंबू काय, कुठं बी ठोकता येतो."

त्या संध्याकाळी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांची खुर्ची सगळ्यांच्या पुढं होती. लालमहंमद पिंपावर चढला. कर्णा तोंडाला लावून म्हणाला, "साहेबांचं म्हणणं हाय, म्या मनचं घालून बोलतो. ते खरं हाय. आज मनचं एक अक्षर बोलणार न्हाय. दिसंल तेवढंच सांगतो."

साहेबांना वाटलं, माफी आता येईल. तोवर यंत्र सुरू झालं होतं.

"परात उतरली," लालमहंमद सरळ आवाजात म्हणाला. "जनरलसाहेब बाहेर आले." जरा थांबून, "जनरलसाहेब आत गेले."

कोणीतरी खुदकन हसलं.

"मंत्री टेबलाखाली बसले. जनरलसाहेब बी टेबलाखाली आले. मंत्री सरकाया तयार न्हाईत. तोफ उडाली. त्यांच्याच पाण्याची टाकी पडली. आता त्यांनी एकमेकाला बिल्ले लावले."

आदल्या दिवशी लोक हसले होते. आज ते एकमेकांच्या अंगावर पडत होते. साहेब उठले. "बंद करा ते यंत्र. माफीचं काय झालं?"

यंत्र थांबलं, चित्र पडद्यावरून गेलं. लालमहंमद पिंपावरून उतरला, साहेबांसमोर आला आणि कर्णा त्यांच्यापुढं धरला. "म्या दिसलं तेच बोललो, साहेब. तुमाला येगळं दिसलं असंल तर तुमी सांगा. लोक ऐकतील."

साहेबांनी हात पुढं केला नाही. "तू कुठला रे? कोणाच्या जिवावर बोलतोस?"

लालमहंमदनं कर्णा पुन्हा तोंडाला लावला.

"हितलाच," तो म्हणाला. "ह्या तंबूतल्या समद्यांची भांडी माझ्या हातनं गेलीत. तुमच्या घरात आज आमटी शिजली, त्या पातेल्याला बी माझीच कल्हई हाय. परातीत बसून आले ते पडद्यावरचे. म्या न्हाय आभाळातनं पडलो." मग त्यानं कर्णा खाली घेतला. "एकदा गप बसून बघितलं, साहेब. भाऊ काय परत आला न्हाय. माफी न्हाय मागत."

साहेब निघून गेले. राहिलेला सिनेमा ईरण्णानं पुरा दाखवला.

सकाळी ऐन जत्रेत तंबू उतरला. दोर गुंडाळता गुंडाळता ईरण्णानं कर्णा लालमहंमदच्या हातात दिला. "हा तुमच्यापाशीच असू द्या. दुसऱ्यानं फुंकला तर हा बकरीवानी ओरडतो."

लालमहंमदनं भाता खांद्यावर टाकला आणि थेट साहेबांच्या घरासमोरच्या लिंबाखाली गेला. कर्णा तोंडाला लावून हाळी दिली. घराचं दार उघडलं नाही. त्यानं पुन्हा हाळी दिली.

"आले, आले," वळणावरून कस्तुराबाई म्हणाली. डोक्यावर हंडा, मागं आळीतल्या आणखी चार-दोन जणी. "किल्ला पाडता का काय, लालभाई? आन् आज हितं कुठं दुकान मांडलं?"

"आता हितंच," तो म्हणाला, आणि कोळसे पेटवायला बसला.