जोतीरामची फुकटची हमाली

कोल्हापूरच्या स्टेशनात गाडी शिरली की इंजिनाच्या शिट्टीच्याही वर एक आवाज चढायचा. "सरका की पावणं! डोकं फुटलं तर मला सांगू नगा!" हा जोतीराम. डोक्यावर एकावर एक दोन ट्रंका, काखेत वळकटी, बोटाला फिरकीचा तांब्या, असा कुणाचा तरी अख्खा संसार घेऊन तो टांग्यांच्या अड्ड्याकडं निघालेला असायचा आणि त्या संसाराचे धनी धापा टाकत मागून पळत असायचे. ते दिवसच ओझ्याचे होते. माणूस दोन रात्रींसाठी मिरजेला निघाला तरी गादी बांधून निघायचा, आणि परगावचं पाणी बाधू नये म्हणून घरचं पाणीही बरोबर घ्यायचा. आता पेट्यांना चाकं आली. ज्याची त्यानं ओढत न्यायची, कुणाला हाक मारायला नको. सोय झाली खरी, पण स्टेशन मुकं झालं.

जोतीराम मंगळवार पेठेतला. बाप हमाल, म्हणून तोही हमाल. दंडाला पितळी बिल्ला, डोक्याला लाल पटका आणि मान अशी, की लोक म्हणत, देवानं ती हमालीसाठीच घडवली. खरं तर ती तालमीत घडली होती. त्याच तालमीत, त्याच लाल मातीत, शेजारच्या बोळातला दत्तू लोळायचा. दत्तू म्हणजे पुढं शाळेत मास्तर झालेले दत्तोपंत. भिक्षुकाच्या घरातलं हे काटकुळं पोर अंगाला तेल चोळून आखाड्यात उतरायचं. जोतीराम त्याला रोज चीत करायचा आणि मग स्वतःच त्याच्या पाठीवरची माती झाडून द्यायचा. एक मास्तर झाला, एक हमाल झाला, पण दोघांचं अरे-तुरे सुटलं नाही. चारचौघांत जोतीराम त्याला 'पंत' म्हणायचा, एवढाच काय तो फरक. संध्याकाळी काम सुटलं की दत्तोपंतांच्या ओट्यावर चहा ठरलेला. जोतीरामला चहा किती गोड लागतो, हे पंतांच्या बायकोला, नंदिनीवहिनींना, नवऱ्याच्या चहापेक्षा जास्त नीट ठाऊक होतं.

एकावन्न साली दत्तोपंतांचा विलायतेला जायचा योग आला. शिकवायचं कसं, ते शिकायला म्हणे. पेठेला हसू आवरेना. "शिकवणारालाच शिकायचं ऱ्हायलंय व्हय?" जोतीरामची बायको धोंडुबाई म्हणाली. मुंबईपर्यंत गाडी आणि पुढं आगबोट. दत्तोपंतांना समुद्राची भीती नव्हती, थंडीची नव्हती, परीक्षेची तर नव्हतीच. त्यांनी धसका घेतला तो एकाच गोष्टीचा. बक्षिसीचा.

हा धसका घातला यज्ञेश्वरकाकांनी. काका पंतांचे चुलते, आफ्रिकेत नोकरी करून आलेले. बोटीचा प्रवास केलेला पेठेतला हा एकच माणूस, त्यामुळं समुद्र या विषयावर त्यांच्यापुढं कुणी तोंड उघडायचं नाही. ओट्यावर मांडी ठोकून काका म्हणाले, "दत्तू, नुसतं तिकीट काढून बोटीवर भागत नाही. धक्क्यावरचा हमाल, केबिनचा नोकर, जेवणाचा वाढपी, ज्याला त्याला द्यावं लागतं. आणि देण्याची रीत असते बरं का. सामान टेकलं की तुझा हात खिशाबाहेर आला पाहिजे. पैसा दिसता कामा नये. तळहातावर तळहात, थँक्यू म्हणायचं आणि तोंड फिरवायचं. तोंडाकडं बघितलंस की मेलास. आणखी मागतात!"

सरळमार्गी मास्तराला घाम फुटला. वर्गात शंभर पोरांना गप्प करणारा हा माणूस, पण कुणाच्या हातात गुपचूप काही सरकवायचं म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. शेवटी त्यांनी मास्तरी मार्ग काढला. सराव करायचा! सरावाला हमाल हवा, तो घरचाच होता. मग काय, रोज संध्याकाळी पंतांच्या अंगणात आगबोट लागू लागली. विलायतेला न्यायची नवी ट्रंक, तिच्यात जुन्या वह्यांचे गठ्ठे आणि पैशांच्या जागी चिंचोके. विहीर म्हणजे मुंबईचा धक्का, ओटा म्हणजे बोट. जोतीराम ट्रंक डोक्यावर घेऊन विहिरीकडून यायचा, ओट्यावर ती धपकन ठेवायचा आणि पंतांचा हात पुढं यायचा. पहिल्या दिवशी चिंचोके सगळ्या अंगणात सांडले. पुढं कधी थँक्यू आधी आणि हात नंतर, तर कधी हात रिकामाच. जोतीराम हसून हसून खाली बसायचा.

"मर्दा, देतोयस का चोरतोयस? आणि तोंड का फिरवतोस? मी काय तुझी सासू हाय व्हय?"

नंदिनीवहिनी दाराआड पदराचा बोळा तोंडात धरून हसायच्या. पण पंत चिकाटीचे. हळूहळू हात असा बसला, की ट्रंक टेकल्याचा आवाज झाला रे झाला, चिंचोका जोतीरामच्या तळहातात आणि पंतांचं तोंड दुसरीकडं. खेळ संपला की जोतीराम सगळे चिंचोके वहिनींच्या डब्यात परत टाकायचा. "जा आता बिनघोर," तो म्हणाला. "बोटीचा कप्तान बी तुला हसणार न्हाय." किती साधे, किती सुखाचे दिवस होते ते!

निघायच्या दिवशी सकाळी जोतीरामनं बिल्ला घरीच ठेवला. धुतलेलं धोतर नेसला, लग्नातला फेटा बांधला. धोंडुबाईनं विचारलं, "आज कामावर न्हाय व्हय?"

"दत्तूला घालवाय चाललोय. आज मी हमाल न्हाय."

स्टेशनवर सगळी शाळा लोटली होती. हार, नारळ, हेडमास्तरांचं न संपणारं भाषण. दत्तोपंत नव्या कोटात, हनुवटीपर्यंत हारांत बुडालेले आणि पार गोंधळून गेलेले. त्यांच्या ट्रंकेला जोतीरामनं दुसऱ्या हमालाला शिवू दिलं नाही. गर्दीतून ती डोक्यावर आणली, पंतांच्या मागोमाग डब्यात चढला आणि बाकाशेजारी धपकन ठेवली. आता वळायचं आणि दत्तूला कडकडून मिठी मारायची, असं त्याच्या मनात होतं. पण तो वळायच्या आतच त्याच्या तळहाताला तळहात लागला. "थँक्यू," दत्तोपंत म्हणाले, आणि तोंड फिरवून पुढचा हार घालून घ्यायला वाकले.

जोतीरामनं मूठ उघडली. आत चिंचोका नव्हता. करकरीत नोट होती.

घंटा झाली. "उतरा, उतरा" करत लोकांनी त्याला डब्याबाहेर लोटलं, आणि त्याला काही बोलायला सुचेपर्यंत गाडी हललीसुद्धा. खिडकीतून दत्तोपंतांचा हात हलत होता, पण तो सगळ्यांसाठीच हलत होता. हमालांचा मुकादम हंबीरराव सगळं बघत होता. तो लांबून ओरडला, "जोत्या, नशीब काढलंस की! आज मिसळ तुझ्याकडं!" बाकीचे हमाल खदाखदा हसले. दत्तूनं हे मुद्दाम केलं नाही, हे न कळायला जोतीराम काही दुधखुळा नव्हता. तो हात त्यानंच तर घडवला होता. पण कळून काय उपयोग? तालमीतल्या मैतराला निरोप द्यायला गेलेला माणूस हातात मजुरी घेऊन घरी आला, आणि ते त्याच्या काळजात रुतून बसलं.

"चुलीत घालू व्हय ही?" नोट बघून धोंडुबाईनं विचारलं. त्यानं फेटा खुंटीला टांगला. दुसऱ्या दिवशी तिनं ती अंबाबाईच्या पेटीत टाकली आणि तिच्यापुरता विषय संपवला.

जोतीरामचा संपला नाही. ओट्यावरचा चहा बंद झाला. "भावजी, ह्यांचं पत्र आलंय, या की," असे नंदिनीवहिनींचे निरोप येत, तर याची कधी गाडी उशिरा यायची, कधी गुडघा दुखायचा. दिवाळीचा फराळ घेऊन त्या स्वतः आल्या, तेव्हा हा पठ्ठ्या मागच्या दारानं सटकला. स्टेशनवरही त्याची तऱ्हा बदलली. पूर्वी कुणी खुशीनं हातावर काही ठेवलं तर तो हसून कपाळाला लावायचा. आता बक्षिसी तोंडानं मागायचा आणि वर खेकसायचा, "हिकडं बघून द्या की सायेब!" उतारू बिचारे बावरून जायचे. ह्याला भूत लागलंय, असं हंबीरराव म्हणायचा. भूत कसलं? संध्याकाळी घरी जाताना त्या बोळाच्या तोंडाशी पाय रेंगाळायचे आणि तो ते ओढून पुढं न्यायचा, एवढंच होतं. दत्तूची त्याला फार आठवण यायची, आणि आठवण येते याचाच जास्त राग यायचा. आपण दत्तूचे मैतर होतो, की त्याच्या लेखी नुसते ओझं उचलणारे दणकट गडी? हा एकच प्रश्न त्याला पोखरत होता आणि उत्तर देणारा समुद्रापार बसला होता.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात एके सकाळी दत्तोपंत गाडीतून उतरले. हार नाहीत, शाळा नाही. कोणत्या गाडीनं येणार हे त्यांनी बायकोशिवाय कुणालाच कळवलं नव्हतं, आणि तिलाही घरीच थांबायला सांगितलं होतं. अंगावर तोच कोट, आता ढगळ झालेला. ट्रंक फलाटावर उतरवून घेतली आणि ते तिच्यावर बसून राहिले. एक हमाल आला, त्याला नको म्हणाले. दुसरा आला, त्यालाही नको. गाडी रिकामी झाली, फलाट ओस पडला, तरी हे बसलेलेच. जोतीराम नळाआड उभा राहून सगळं बघत होता. हंबीररावानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "जा की लेका! तुझ्यासाठी बसलाय त्यो."

तो गेला. पण सरळपणे जाईल तर तो जोतीराम कसला? समोर उभा राहून त्यानं बिल्ला पुढं ओढला आणि म्हणाला, "हमाल पायजे का सायेब?"

दत्तोपंत उठले. त्यांचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"जोत्या, गाडी रुकडीच्या पुढं गेल्यावर मी खिशात हात घातला. धक्क्यावरच्या हमालासाठी ठेवलेली नोट खिशात न्हवती. तवा मला कळलं, मी काय केलं ते."

"मग पत्रात लिव्हायचं की तसं."

"लिहिलं असतं तर ते तुला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं असतं. ते मला नको होतं." पंत एक पाऊल पुढं आले. "बोटीवर दिली मी सगळ्यांना बक्षिसी, काकांनी सांगितली तशी. पण हात पुढं केला की तू आठवायचास. त्या वेळी तुझं तोंड कसं झालतं रे? मी बघितलंच न्हाय. दोन वर्षं डोळ्यांपुढं आणाय बघतोय, येत न्हाय."

जोतीराम रुळांकडं बघत राहिला. 

"बघण्यासारखं न्हवतंच," तो म्हणाला.

 मग जोतीरामनं पटक्याचं टोक गुंडाळून डोक्यावर चुंबळ केली आणि ट्रंकेपुढं उकिडवा बसला. "चल, हात लाव. घरी वहिनी वाट बघत असतील." पंतांनी ट्रंकेची एक कडी धरली, पण ट्रंक काही त्याच्या डोक्यावर चढवली नाही. कडी धरून ते तसेच उभे राहिले.

"दुसरी कडी तू धर," ते म्हणाले.

त्या काळी कोल्हापूरच्या हमालांत एक रिवाज होता. उतारूनं स्वतःच्या ओझ्याची एक बाजू धरली आणि तो हमालाबरोबर चालू लागला, की त्या ओझ्याची ना मजुरी घ्यायची, ना बक्षिसी. मालकाचा हात लागला म्हणजे ते ओझं हमालाचं राहिलं नाही, घरचं झालं. म्हणूनच मुरलेले हमाल उतारूला ट्रंकेजवळ फिरकू देत नसत. जोतीरामनं स्वतः कितीजणांचे हात झटकले असतील. आणि दत्तोपंतांना हा रिवाज चांगला ठाऊक होता, कारण ओट्यावर चहा पिताना जोतीरामनंच तो त्यांना हसत हसत सांगितला होता.

उकिडवा बसल्या जागेवरून त्यानं वर बघितलं. दत्तू त्याच्याकडं बघत होता, अगदी सरळ, डोळ्यांत पाणी असून नजर न हलवता. जोतीरामनं चुंबळ सोडली, उठला आणि दुसरी कडी धरली.

टांगेवाल्यांनी हाका मारल्या, त्या दोघांनाही ऐकू आल्या नाहीत. जोतीराम उंच, पंत बुटके, त्यामुळं ट्रंक पंतांकडं कलायची आणि त्यांच्या नडगीवर आपटायची. "आई गं!" ते कळवळायचे. "विलायतेत चालाय बी शिकवलं न्हाय व्हय?" जोतीराम म्हणायचा. दर थोड्या वेळानं ते ट्रंक खाली ठेवायचे, हात बदलायचे, रस्त्यातच उभे राहून बोलत बसायचे आणि पुन्हा निघायचे. पेठेत पोचायला त्यांना जेवणवेळ झाली. जोतीराम एकटा असता तर केव्हाच पोचला असता, पण त्या दिवशी त्याला कसलीच घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी फलाटावर हमालांनी त्याला गराडा घातला. हंबीररावानं डोळे बारीक करून विचारलं, "काय रं, विलायतेच्या मास्तरनं किती दिलं?"

"काय बी न्हाय!" जोतीराम छाती फुगवून म्हणाला, आणि कुणाला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून सगळ्या फलाटाकडं वळून पुन्हा ओरडला, "एक पै दिली न्हाय त्येनं मला!"