बाजरीची जट

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की डाव्या हाताला आमचं गाव लागतं. तिथं काशम्माच्या जटेला हात जोडल्याशिवाय कुणी पेरायला जात नसे. मनगटाएवढी जाड, कमरेपर्यंत लोंबणारी जट. मंगळवारी-शुक्रवारी ती परडी घेऊन जोगवा मागायला निघाली की म्हातारीकोतारी माणसंसुद्धा वाकायची. वाकणाऱ्यांतल्या एकानंही तिला कधी जेवलीस का म्हणून विचारलं नाही.

लहानपणी ती तापानं महिनाभर पडून होती. केसांना तेल नाही, फणी नाही, गुंता झाला. आईनं त्या गुंत्यावर तेल घालायचं सोडून भंडारा घातला, देवीनं पोर मागितली म्हणाली, आणि तिला देवीला सोडून दिलं. लग्न नाही, लेकरू नाही. धाकटा भाऊ शिवशरण, त्याच्या घरात एका कोपऱ्यात ती राहायची. शिवशरणचं रान आमच्या बांधाला लागून, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि दोन वर्षांनी शिवशरणनं माळावर नवी हायब्रीड बाजरी पेरली. पीक गुडघ्याला लागलं तेव्हाच पानं पिवळट पडायला लागली. पहाटे पान उलटून बघावं तर खाली पांढरी भुकटी. मग कणसं बाहेर पडायची वेळ आली. निम्म्या ताटांना कणीसच नव्हतं. दाण्यांच्या जागी पानं आली होती, बारीक, पिळवटलेली, एकमेकांत गुंतलेली. बाकीचं रान वाळायला लागलं तरी ती हिरवीगार. आमच्याकडे त्याला गोसावी म्हणतात. एखादा गोसावी दर वर्षी दिसायचा, लोक उपटून टाकायचे. पण एवढे कुणी पाहिले नव्हते.

शिवशरणला त्यात देवी दिसली. घरात एक जट होतीच, आता रानात आली. त्यानं ताटांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लोक दर्शनाला यायला लागले. पानांखालची भुकटी अंगारा म्हणून कपाळाला लावायचे आणि त्याच हातांनी आपापल्या पिकात शिरायचे. मूर्ख कुठले! मी बोलले, तर हिची देवावर श्रद्धा नाही म्हणून मलाच गप्प बसवलं.

त्याच आठवड्यात शिवशरणच्या लेकीला, अक्कम्माला, ताप आला. आठ वर्षांची पोर, दाट केसांची. ताप उतरला तेव्हा मानेजवळ केसांची एक गाठ झाली होती, सुपारीएवढी. आईनं फणी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. शुक्रवारी गाठीवर भंडारा घालायचं ठरलं.

गुरुवारी शेतीखात्याचा माणूस रानं बघत आला. “ही बुरशी आहे,” तो म्हणाला. “रोप कोवळं असतानाच आत शिरते. मग झाडाला कणीस धरू देत नाही, नुसती पानं काढायला लावते. उपटून जाळा, नाहीतर मातीत उतरेल.”

शिवशरणनं हात जोडून त्याला वाटेला लावलं. काशम्मा बांधावर बसली होती. तिनं त्याला थांबवलं.

“सायेब, हिला पुडं तरी दाना भरतो का?”

“नाही बाई. कधीच नाही. अशीच हिरवी उभी राहते.”

“आन् लोक पाया पडत्यात,” म्हणून काशम्मा हसली. ते हसू मला बरं वाटलं नाही.

शुक्रवारी उजाडताच ती रानात शिरली आणि दोन्ही हातांनी गोसावी उपटत सुटली. शिवशरण ओरडत बहिणीमागं धावला, “अक्का, देवी कोपंल!” गाव बांधावर जमलं, पण तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. जट होती ना!

“कोपू दे की,” काशम्मा म्हणाली. “मी तिचीच हाय. तिनंच सांगितलंय मला, ह्या घरातली दुसरी नगं म्हनून.”

तिनं ढीग पेटवला. ओल्या पाल्याचा धूर दिवसभर गावावर बसून राहिला. त्या धुरातच तिनं अक्कम्माला पुढ्यात ओढलं, विळ्यानं गाठ कापली आणि आगीत टाकली. पोर रडत होती. आई तोंडाला पदर लावून उभी राहिली, पण आडवी आली नाही.

पुढच्या वर्षी शिवशरणनं बी बदललं. तरी गोसावी आले. जे जाळण्याआधीच मातीत उतरलं होतं ते बी बदलून थोडंच जाणार! आमच्याही रानात आले. देवीचं देणं परत घेतलं म्हणून हे झालं, अशी कुजबुज सुरू झाली, आणि बायका येता-जाता अक्कम्माच्या डोक्याकडे बघायला लागल्या. काशम्मा रोज सकाळी पोरीला ओट्यावर बसवायची आणि सगळ्यांना दिसेल असं तेल घालून फणी फिरवायची.

जटेच्या वजनानं काशम्माची स्वतःची मान आता वाकली होती. एकदा मी तिला म्हटलं, “काशम्मा, तुझीबी कापून टाकू का गं? मान लई दुखती म्हनतीस.”

तिनं जट उचलून मांडीवर घेतली.

“नगं,” ती म्हणाली. “ही हाय तवर गाव माजं ऐकतंय. ही गेली, की पोरीला कोन राखनार?”