खोटे तीन दिवस

गेल्या वर्षी पाच महिने मी पाळी येत नसताना बाजूला बसत होते. विद्यानगरच्या आमच्या घरात अजून तीन दिवस पाळतात. देवघर नाही, स्वयंपाकघर नाही, चटई वेगळी. यावरून मी सासूबाईंशी दहा वर्षं कडाकडा भांडले. आणि चौतिसाव्या वर्षी पाळी थांबल्यावर तेच तीन दिवस कॅलेंडरवर खूण करून मुकाट पाळू लागले. मूल अजून झालं नव्हतं. त्यांना कळलं असतं तर पहिला प्रश्न मुलाचाच आला असता. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, पण त्याला मी तोंड उघडायची बंदी केली होती.

नारायणगुड्याच्या डॉक्टरीणबाई फार शांत होत्या. मला त्या शांतपणाचाच राग यायचा.

"आपली प्रतिकारशक्ती जंतूंशी लढते," त्या म्हणाल्या. "तुमची थायरॉइडवर आधीच उलटलेली आहे. कधी कधी ती अंडाशयावरही उलटते. मग बाई तरुण असते आणि अंडाशय आधीच म्हातारं होतं. तुमचं तसंच असेल असं नाही. तपासू."

मला साधी सर्दीसुद्धा टिकत नाही, म्हणून मी किती मिरवायचे! आता स्वतःच्याच अंगाची भीती वाटू लागली. आत्ता, या क्षणी, आत काय चाललं असेल?

रिपोर्ट यायचा त्या दिवशी माझी खोटी तारीख होती. संध्याकाळी चटईवर बसून मी सारखी फोन बघत होते. सासूबाईंनी चहा आणला, आणि लांबून ठेवायचा सोडून त्या सरळ माझ्या शेजारी टेकल्या. माझा हात धरला.

"आई, शिवू नका!" मी सवयीने ओरडले.

"नक्को. किती दिवस नाटक करालीस? थायरॉइड झाल्यापासून तुझी कधी दीड महिन्याला यायची, कधी दोन. आता पाच महिने झाले, एक दिवस इकडंतिकडं नाही. मला समजत नाही का?"

खोटं वागतानाही मी तारखा चोख पाळल्या होत्या. तिथंच फसले.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाईच होत्या. शंका खरी ठरली होती. असं अंडाशय अधूनमधून जागं होतं, त्यामुळे आशा अगदीच सोडू नका, पण भरवसाही धरू नका, म्हणाल्या. पाळी लवकर थांबली की हाडं ठिसूळ होतात, म्हणून गोळ्या सुरू करायच्या होत्या.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मुलाचं काहीच विचारलं नाही. चटई गुंडाळून माळ्यावर टाकली आणि म्हणाल्या, "ऊठ. दिवा तू लाव."

देवघराच्या दारात मला कुणी अडवलं नाही. हातात काडेपेटी धरून मी उभी राहिले आणि मला रडू कोसळलं. मला ती चटई परत हवी होती, खऱ्या तीन दिवसांसाठी.