नमुना सभेतली याडी

वाटे घालून झाले की याडी आपले दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. "उचला गं," म्हणायची. सगळ्या बायकांनी आपापला ढीग पदरात घेतला, की उरलेला ढीग तिचा.

वसमतच्या बाजूला हळद काढली की रानात थोडी मागं राहतेच. मालकाला विचारून आमची टोळी ती वेचायची आणि वाटून घ्यायची. टोळीची मुकादम याडी. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तिकडं आईला याडी म्हणतात, म्हणून आम्ही गावातल्या बायकाही तिला तेच म्हणायचो. ढीग तीच घालायची, म्हणून तिनं शेवटी उचलायचं, हा तिचाच नियम. मी एकदा विचारलं, "याडी, तुला कमी येत न्हाई का गं कधी?"

"कमी काहून येईल? उरंल ते माझं, हे मला ठावं असतं ना. मग समदे ढीग बराबर पडतात."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. याडी बांधावरून बोलली तरी पलीकडच्या रानातले बैल मान वळवायचे. माझा आवाज शेजारच्या सरीत पोचत नसे. त्यामुळं माझ्या वाटचं भांडणही तीच उरकून टाकायची, आणि वर मला सांगायची, "बघ, आपण जिंकलो."

एका वर्षी रेडिओवर सारखं घटनेचं चालू होतं. ती तपासायची, बदलायची की नाही, असं काहीबाही. तालुक्याच्या एका संस्थेनं शाळेत नमुना सभा ठेवली. उद्या खरंच नवी घटना लिहायची झाली, तर लिहिणारी माणसं कशी निवडायची, हे लोकांनीच सांगायचं. गावोगावची दोन-दोन माणसं बोलावली होती. याडी एका पायावर तयार झाली आणि तिनं माझ्याकडं बोट केलं. "ही येईल संगं."

"मी तिथं काय बोलू?"

"तू बोलू नको. चौथी शिकलीस, फळा वाच. बोलायचं माझ्याकडं."

त्याच दिवसांत आमचं सरपंचपद बाईसाठी सुटलं होतं. गाव आणि तांडा मिळून एकच पंचायत, पण तांड्यावरचा सरपंच कधी झालाच नव्हता. नळही गावात होता, तांड्यावर नव्हता. तिथल्या बायका ओढा ओलांडून विहिरीवर जायच्या. यंदा याडी उभी राहणार आणि नळ आणणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. खुद्द याडीनंसुद्धा. हळद वेचता वेचता नळ कुठं बसवायचा ती जागाही तिनं ठरवली होती.

सभेला ती ठेवणीतला घागरा आणि आरशांची कांचळी घालून आली. खिडकीतून ऊन यायचं आणि ती हलली की आरशांचे कवडसे अध्यक्षांच्या टकलावर नाचायचे. अध्यक्ष बिचारे सारखं डोकं पुसत होते.

एक गुरुजी म्हणाले, घटना लिहिणारा निदान पदवीधर पाहिजे. एक पुढारी म्हणाले, पक्षांना नावं मागा, तेच माणसं देतील. कुणी म्हणालं, सरळ मतं घ्या. कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका, जो निघेल तो. मग प्रत्येक जातीचा एक माणूस घ्यायचं निघालं, आणि कोणत्या जातीत कोण मोडतं यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओरडाआरडा झाला. मी फळा वाचून याडीच्या कानात सांगत होते.

जेवण झाल्यावर ती उठली. "अध्यक्षसायेब, कोन्हाला बी निवडा. पण वाटे घालणारानं शेवटी उचलावं. जो घटना लिहील, त्यानं पुढं पाच वर्सं कोणतीच खुर्ची घ्यायची न्हाई. आमदाराची न्हाई, सरपंचाची बी न्हाई."

पुढारी हसले. "अहो बाई, मग लिहायला येणार कोण?"

"मी येते की!"

मी तिचा घागरा ओढला. "याडी, अगं सरपंच..." तिनं माझा हात झटकला. तिला रंग चढला होता. नमुन्याचीच सभा, कुणाचं काय जाणार होतं? पुढाऱ्यांसकट सगळ्यांनी हात वर केले. ठराव झाला. मग त्याच नियमानं नमुना समिती निवडली, तिच्यात पहिली याडी. टाळ्या पडल्या, छातीवर बिल्ला लागला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून बडबडत होती. ओढ्यावरचा पूल आला. तशी एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं बया, मीच अडकले की!" आणि इतकी हसली की कंडक्टरनं वळून पाहिलं. मला मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तांड्याचा नायक, म्हणजे तिथला म्होरक्या, आला. "याडी, ते खोटंखोटं हुतं. अर्ज भर."

"म्या हात वर केला, तो खोटा हुता व्हय? नमुना दावायचा येक आन् पोत्यात भरायचं दुसरं? असली हळद कोन घेतंय?"

"हळदीचं न्हाई, पाण्याचं बोलून राहिलो मी!"

याडी घागर उचलून विहिरीकडं निघाली.

तिनं अर्ज भरला नाही. तांड्यावरून दुसरी बाई उभी राहिली आणि पडली. सरपंच गावातली झाली. विहिरीवर याडीशी कुणी बोलेना. नायकाची भावजय तर तिला बघून तोंड फिरवायची. "हिचा नियम ऱ्हायला आन् आमची कंबर गेली," असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. याडी घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि निघायची. टोळीतही तिचं बोलणं कमी झालं. एकदा मला हळूच म्हणाली, "चुकलं का गं माझं?" मी नुसता तिचा हात धरला.

ग्रामसभेला मात्र ती कधी चुकली नाही. पुढं जमिनीवर बसायची आणि विषय कुठलाही असो, विचारायची, "तांड्याचा नळ कवा?" सरपंचबाईंचे मालक वैतागून म्हणायचे, "याडी, आता तर दिवाबत्तीचा विषय हाय." "मंग दिव्याच्या उजेडात सांगा, कवा?"

पाच वर्षं सरली तेव्हा सरपंचपद बाईसाठी राहिलंच नव्हतं. याडी म्हणाली, "चला, सुटले," आणि पुन्हा ग्रामसभेत जाऊन बसली.

नळ आला, पण उशिरा. आदल्या वर्षी ती लेकीकडं गेली होती आणि तिकडंच वारली. पाणी सुटलं त्या दिवशी मी तांड्यावर गेले. बायका तोटीला हळदकुंकू लावत होत्या, पोरं भिजत होती. याडीच्या दाराला कुलूप होतं आणि उंबऱ्यासमोर एक काठोकाठ भरलेली घागर ठेवली होती. नायकाची भावजय तिथंच पदरानं हात पुसत उभी होती.

मी तिच्याकडं पाहत राहिले. ती खेकसली, "काय बघून राहिलीस? चिमण्या पितील."